तलफ आली की घड्याळ बघतो

रविवार, रात्री

उद्या सकाळपासून सिगारेट बंद. तारीख गेल्या महिन्यातच ठरवली होती आणि मुद्दाम संक्रांतीच्या आठवड्यातली धरली, कारण मंगळवारपासून रजा आहे आणि येवल्याला ताईकडे जायचं आहे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात असं डॉक्टर म्हणाले होते. ते नाशिकच्या अंबडला कंपनीच्या गेटसमोर, मामांच्या टपरीच्या वासात काढायचे नाहीत, हे तेव्हाच पक्कं केलं.

डॉक्टरांनी "दिवसाला किती ओढता?" हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?" अर्ध्या तासाच्या आत, म्हणालो. ज्यांना इतक्या लवकर लागते त्यांचं शरीर निकोटीनवर जास्त अवलंबून असतं, त्यांना नुसतं "सोडा" म्हणून भागत नाही, असं त्यांनी समजावलं. रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. रात्रभर झोपलं की जवळजवळ संपतं, आणि सकाळची ती बेचैनी म्हणजे शरीराने केलेली मागणी. इतकी वर्षं मी समजत होतो की सिगारेट माझं टेन्शन घालवते. त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेलं होतं, हे कळल्यावर मला राग आला. तो राग मला जपून ठेवायचा आहे.

घरातली पाकिटं, लाइटर, बाल्कनीतली थोटकांची कुंडी, सगळं टाकलं. जॅकेट धुवायला काढलं, त्याच्या खिशात तंबाखूचा चुरा होता. पाकीट फेकण्याआधी त्यावर छापलेला, तंबाखू सोडायला मदत करणारा नंबर मात्र डायरीत उतरवून घेतला: १८००-११-२३५६. फुकट आहे. आजवर त्या नंबराकडे मी कधी धड बघितलंही नव्हतं.

सोमवार

फर्स्ट शिफ्ट. लाइनवर सगळ्यांना सांगून टाकलं. लपवून सोडायची म्हणजे प्रत्येक वेळी नवं कारण शोधायचं, त्यापेक्षा सांगितलेलं बरं. दोघे हसले, एक जण म्हणाला, "भाऊ, इच्छाशक्ती पाहिजे त्याला." हे वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. मला ते पटत नाही. इच्छाशक्ती माझ्यात आहेच, नाहीतर नाइट शिफ्ट करून सकाळी मुलीला शाळेत सोडलं नसतं. पण अकराच्या सुट्टीत पाय आपोआप गेटकडे वळतात तेव्हा इच्छाशक्ती कामाला येत नाही, कॅन्टीनचा रस्ता आधीच ठरवलेला असेल तर तो येतो. म्हणून मी सुट्टी झाल्याबरोबर मागच्या दाराने कॅन्टीनला गेलो.

तलफ येते तेव्हा वाटतं की आता ही जाणारच नाही, वाढतच जाणार. आज प्रत्येक वेळी घड्याळ बघितलं. ओढली नाही तरी पाच-दहा मिनिटांत ती ओसरते. पाणी प्यायचं, लांब श्वास घ्यायचे, खिशातली ज्येष्ठमधाची कांडी चघळायची, तोवर काटा सरकलेला असतो. पुन्हा येते हे खरं. पण येते आणि जाते, दोन्ही खरं आहे, आणि दुसरं मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी दिलेला निकोटीनचा गम साध्या च्युइंगमसारखा चावत राहायचा नाही. तोंडात चुरचुर लागेपर्यंत चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चुरचुर गेली की पुन्हा थोडं चावायचं, असं साधारण अर्धा तास. भराभर चावला तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते आणि उपयोग होत नाही. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहाही नको.

चहाचं तर वेगळंच आहे. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन झपाट्याने संपवतं. धूर बंद झाला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे नेहमीइतका चहा प्यायचा आणि हात थरथरले, झोप उडाली की "सिगारेट सोडल्याने होतंय" असं समजायचं. मी आजपासून चहा निम्मा केला. दुधाचा चहा एक कप सकाळी, दुपारी अर्धा.

मंगळवार, भोगी

रात्री झोप तुकड्यातुकड्यांत लागली. स्वप्नं इतकी लख्ख पडली की सकाळी उठून कोणतं खरं ते आठवावं लागलं. पहाटेच्या थंडीत एसटी पकडली. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांवर धुकं बसलेलं. बस विंचूरला थांबली तेव्हा खाली उतरलेल्या माणसांनी सवयीने सिगारेटी पेटवल्या. मी आत बसून राहिलो आणि खिडकीची काच वर सरकवून उघडली. चिऊ म्हणाली, "पप्पा, थंडी आत येते," आणि मी तिच्यावर ओरडलो. बायको काही बोलली नाही, तिने काच परत खाली केली आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. निघण्याआधी मी तिला सांगून ठेवलं होतं की या आठवड्यात मी चिडेन. ते तिच्यामुळे नसेल, आणि तिने माझ्याशी वाद घालू नये, पण मला सोडूही नये. चिऊलाही घरी पोचल्यावर नीट बसवून सांगितलं. ती आठ वर्षांची आहे, तिला कळलं.

सिगारेट थांबली की एका दिवसाच्या आत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साधारण माणसाइतका होतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धूर ओढणाऱ्याच्या रक्तात त्याने कायम जागा अडवून ठेवलेली असते. आज मी बसमध्ये डोकं धरून बसलो होतो, तेव्हा ती जागा रिकामी झालेली असणार. हे मनात धरून बसल्याने डोकं दुखायचं थांबलं नाही, पण ते दुखणं कशापायी ते माहीत होतं.

ताईने भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी केली होती. घेवडा, गाजर, हरभरा, वांगं. मी तीन वेळा वाढून घेतली.

बुधवार, संक्रांत

आजचा दिवस सगळ्यात कठीण. सकाळपासून छातीत काहीतरी ओढल्यासारखं, जिथे बसेन तिथून उठावंसं वाटत होतं. येवल्यात तीन दिवस अख्खं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं, हलकडी नावाचं वाद्य वाजत असतं, पतंग कापला की सगळीकडे "वकाट"च्या आरोळ्या. दाजी स्वतः ओढतात. त्यांनी मला न विचारता त्यांचं पाकीट खाली कपाटात ठेवलं आणि दिवसभर माझ्यासमोर पेटवली नाही. मला वाटतं, सोडणाऱ्या माणसासाठी याहून मोठं काही कुणी करू शकत नाही. उपदेश सगळेच करतात.

मला त्यांनी आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरायला दिली. दोन्ही हात गुंतलेले. मांजा सोडायचा, गुंडाळायचा, नजर वर. सिगारेट पिणाऱ्याच्या हाताला सतत काहीतरी लागतं, हे मी गच्चीवर इतकं स्पष्ट पहिल्यांदा बघितलं: आसारी दुसऱ्या कुणी घेतली की दोन मिनिटांत माझा हात शर्टाच्या खिशाकडे जायचा.

दुपारी तरीही असह्य झालं. खाली जाऊन डायरीतला तो नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी कुठलंही भाषण दिलं नाही. काय वाटतंय, जवळ कोण आहे, पुढचा एक तास काय करणार, एवढंच विचारलं. मी म्हणालो, पतंग. त्या म्हणाल्या, मग वर जा. मी वर गेलो.

शुक्रवार

नाशिकला परत. तलफा येतात, पण बुधवारसारखी धार नाही. खोकला मात्र वाढला आहे. श्वासनलिकेत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, कफ वर ढकलणं हे त्यांचं काम. धुराने ते लुळे पडलेले असतात, आता पुन्हा हलायला लागतात, म्हणून काही दिवस असं होतं. खोकला लांबला किंवा रक्त पडलं तर मात्र थांबायचं नाही, दाखवायचं.

खोकताना आत्याची आठवण येते. ती सिन्नरला बिड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात टेंभुर्णीची कापलेली पानं आणि तंबाखू, मजुरी हजार बिड्यांवर. तिने जन्मात एक बिडी ओठाला लावली नाही, आणि तरी तिचा खोकला आम्हाला शेजारच्या खोलीतून ऐकू यायचा, कारण तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात. मी पैसे देऊन जे विकत घेत होतो ते तिला पोटासाठी हुंगावं लागत होतं. ही गोष्ट मला या आठवड्यात फार लागली आहे.

रविवार

ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या सिगारेट ओढण्याची आणि तब्येतीची वर्षानुवर्षं पाहणी केली. २००४ साली त्यांनी मांडलं की चाळिशीच्या सुमाराला सोडणाऱ्याला साधारण ९ वर्षांचं आयुष्य परत मिळतं, पन्नाशीत सोडली तर ६, साठीत ३. मी चाळिशीचा आहे. नऊ वर्षांनी चिऊ सतरा वर्षांची असेल.

संध्याकाळी लाइनवरचा तोच "इच्छाशक्ती"वाला फोनवर होता. तंबाखू मळतो तो, सिगारेट नाही, पण त्यालाही सोडायची आहे म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. मी त्याला धीर वगैरे दिला नाही. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते ते विचारलं. आंघोळीच्या आधी, म्हणाला. मग एकट्याने करू नको, म्हणालो. जिल्हा रुग्णालयांत तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं, औषध लागलं तर तेही विचारता येतं. मंगळवारी आमची दोघांची सेकंड शिफ्ट आहे. सकाळी नऊला तो त्र्यंबक नाक्यावर येतो आहे, तिथून दोघे सिव्हिलला जाऊ.