रेड बॅरनच्या मुलखात आपला वेलिणकर

फ्रान्समधल्या सॉमच्या खोऱ्यात राहायला आल्यापासून मला रेड बॅरनचा, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या त्या जर्मन वैमानिकाचा, वीट आलाय. नवा माणूस दिसला की आमियाँचे लोक त्याला गाडीत घालतात आणि वो-स्यूर-सॉमच्या माळावर नेऊन उभा करतात. पाहायला काय, तर रस्त्याकडेचा एक फलक आणि मागे शेतं. 21 एप्रिल 1918 ला मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन, म्हणजेच रेड बॅरन, इथे पडला. मग पारायण सुरू: 80 विमानं पाडली, स्वतःचं विमान लालभडक, शत्रू असूनही ऑस्ट्रेलियनांनी बेर्तांगलला लष्करी इतमामात पुरला. आणि गोळी कोणाची? वरून येणाऱ्या कॅनेडियन रॉय ब्राउनची, की खालच्या ऑस्ट्रेलियन मशीनगनवाल्याची? मी जेवायला गेलेल्या प्रत्येक घरी हा वाद झालाय. एकदा तर चीज संपून कॉफी आली तरी गोळी हवेतच होती.

गेल्या रविवारी शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "तुमच्या मुंबईचा एक वैमानिक इथे आहे. चला, दाखवतो." मला वाटलं, म्हातारा काहीतरी गफलत करतोय. पण त्यांनी गाडी थेट आँगारच्या युद्ध-दफनभूमीकडे घेतली. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर, ब्रिटिश हवाई दलाची 23 स्क्वाड्रन, मृत्यू 30 जून 1918. परक्या मुलखात असं आडनाव दगडावर वाचलं की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना गोऱ्या पोरांचे दगड, उंचीला अगदी सारखे. लेफ्टनंट असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. हा नियम मला बेहद्द आवडला.

वेलिणकर सॉपविथ डॉल्फिन चालवायचा. विमान चमत्कारिकच. वरचे पंख मधोमध उघडे आणि त्या खिडकीतून वैमानिकाचं डोकं वर आलेलं. आकाश मोकळं दिसे, वरून झडप घालणारा शत्रू लगेच नजरेत येई. पण उतरताना विमान उलटलं तर आधी मान जमिनीला लागणार. पुढे दोन व्हिकर्स मशीनगन, पायाशी इंजिनाची धग आणि पॅराशूट नाही! बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना ते होतं, जर्मन वैमानिकांनाही त्या वर्षी मिळू लागलं होतं. इंग्रजांनी आपल्या विमानवाल्यांना काही दिलं नाही. पेटलेल्या विमानातून उडी मारायची की जळायचं, एवढीच निवड.

"त्याने किती पाडली?" मास्तरांनी विचारलंच. आकड्याशिवाय माणूस मोजायचा नाही, हा इथला खाक्या. मी ताडकन इंद्रलाल रॉय पुढे केला: कलकत्त्याचा, जुलै 1918 च्या जेमतेम दोन आठवड्यांत 10 विजय, त्याच महिन्यात ठार, वय 19. मास्तर गप्प. (बंगाली बाबूचा मला एवढा अभिमान यापूर्वी कधीच वाटला नव्हता.)

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर धाकट्याचं उत्तर: "इंग्रजांसाठीच मेला ना?" चिडलो. अरे, हिंदी माणसाला अधिकारी करायचीच त्यांची तयारी नव्हती. हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डचा पदवीधर, तरी नकार. तो फ्रेंच रेड क्रॉसची ॲम्ब्युलन्स चालवत राहिला. फ्रेंच आपल्या हवाई दलात घेतायत म्हटल्यावर त्याच्या प्राध्यापकाने ब्रिटिश हवाई दलाच्या जनरल हेंडरसनला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे दार उघडलं. अशा दारातून घुसून कॉकपिटमध्ये बसणं याला मी तरी चाकरी म्हणणार नाही. आणि फ्रेंच कंपनीचा पगार घेणाऱ्याने असं म्हणावं यात तुम्हाला काही खटकत असेल, तर खटकू द्या.

मुंबईत वेलिणकरच्या नावाचा रस्ता किंवा पाटी माझ्या तरी पाहण्यात नाही. इथे गवत कातरलेलं, गुलाबाला पाणी घातलेलं. मास्तरांनी यावर भुवई उंचावली, तेव्हा मी सांगून टाकलं, की त्याच जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झा शिरला होता, तिथे घरोघरी माणसं दगावली, एकेकाची आठवण कोण ठेवणार? त्यांना पटलं. नंतरच्या शंभर वर्षांचं त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

पुढच्या सुट्टीत एस्तवेलला रॉयच्या थडग्याकडे जायचं ठरलंय. त्याच्या दगडावर बंगालीत ओळ कोरलेली आहे, ती मास्तरांना मी वाचून दाखवायची. गाडी त्यांची, टोल माझा.