स्केल्टर भाड्याने घेण्याआधी दहा मिनिटं

नेदरलँड्समधल्या बऱ्याच कॅम्पिंगवर रिसेप्शनशेजारी चारचाकी पायडल-गाड्यांची रांग दिसते. डच लोक त्यांना 'स्केल्टर' म्हणतात. १९८५ पासून या गाड्या बनवणारी बेर्ग ही कंपनी तिथलीच, एडे गावची. अ‍ॅमस्टेलवेन किंवा आइंडहोव्हनहून शनिवार-रविवारी तंबू घेऊन निघणाऱ्या मराठी घरांतली मुलं तंबूचे खुंटे ठोकून व्हायच्या आतच त्या रांगेत पोचलेली असतात. पैसे भरण्याआधी दहा मिनिटं गाडीला द्या.

सगळ्यात आधी ब्रेक समजून घ्या, कारण सायकलची सवय इथे दगा देते. चांगल्या स्केल्टरला पुढे पायडल मारलं की ती पुढे जाते, पाय थांबवले की नुसती घरंगळत राहते, उलटा दाब दिला की ब्रेक लागतो आणि पूर्ण थांबल्यावर उलटं पायडल मारलं की मागे जाते. म्हणजे ब्रेक पायात आहे आणि तो चेनमधून चाकापर्यंत पोचतो. चेन उतरली की ब्रेकही गेला. म्हणून कव्हरच्या फटीतून चेन बघा. ती लोंबत असेल किंवा पायडल पुढे-मागे हलवल्यावर खट्‌कन आवाज येत असेल, तर दुसरी गाडी मागा. हँडब्रेक असलेली मिळाली तर तीच घ्या.

काही जुन्या, स्वस्त गाड्यांना फ्रीव्हीलच नसतं, चाक फिरतं तसं पायडलही फिरत राहतं. उतारावर पाय निसटला की ते पायडल नडगीवर बसतं. लहान मुलांना अशी गाडी देऊच नये.

मग सीट. पायडल सगळ्यात लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट फार पुढे असेल तर गुडघा स्टिअरिंगला आपटतो. फार मागे असेल तर मूल पायडल गाठायला सीटवरून पुढे घसरतं, पाठीचा टेकू सुटतो आणि उलटा दाब द्यायला जोरच उरत नाही. म्हणजे सीट चुकली की ब्रेकही कच्चा. सीट सरकवल्यावर खिटी नीट बसली ना, हे दोन्ही हातांनी हिसका देऊन बघा. भाड्याच्या गाडीवर दिवसभरात दहा जण बसतात, ही खिटी हमखास सैल असते.

टायर अंगठ्याने दाबा. एका बाजूची हवा कमी असेल तर गाडी त्याच बाजूला ओढते आणि मूल उगाच स्टिअरिंगशी झटत बसतं.

मोठ्या गाडीत मागे दुसरी सीट असते, तिथे एकच जण बसवा. मागच्या दांड्यावर आणखी एखादं पोर उभं राहिलं की सगळं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. 'गाडी ऐकत नाही' अशी तक्रार आली तर आधी मागे कोण लटकलंय ते बघा. वळणावर वेगात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तर आतलं चाक उचलतं, त्यामुळे वेग वळणाआधीच कमी करायचा.

ओढणी, जॅकेटची नाडी, सुटलेली लेस चेनपासून लांब. क्रॉक्स नकोत, ते पायडलवरून सटकतात. बंद बूट हवेत.

किनाऱ्याजवळच्या कॅम्पिंगवर शिंपल्यांच्या चुऱ्याचे रस्ते असतात, त्यावर गाडी बरी चालते. मऊ वाळूत मात्र चाकं रुततात आणि वाळू चेनमध्ये शिरते. ओल्या गवतावर ब्रेक लावला की चाक थांबतं, गाडी घसरत राहते.

वेळ सकाळची घ्या. दुपारी नवे पाहुणे कॅराव्हॅन ओढत आत येतात आणि गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला इतकं खाली बसलेलं मूल दिसतच नाही. गाडीला उंच झेंडा लावून मागा. रस्त्यावर 'स्टापफुट्स' अशी पाटी असते, म्हणजे चालण्याच्या वेगाने. ती मोटारींइतकीच स्केल्टरलाही लागू.

सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अर्धा तास पुरतो. मोठ्यांनी तासाच्या वर घेऊ नये, मागे टेकून पायडल मारताना मांड्या लवकर भरून येतात. डिपॉझिट देण्याआधी ओरखडे आणि वाकलेल्या मडगार्डचा फोटो काढा, परत करताना त्याच जागी पुन्हा एक.