पंधरा वर्षांच्या गाडीचा मागचा दिवा

आमच्याकडे इंदूरला खंडेनवमीला गाडी धुऊन पुसून तिची पूजा होते. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. अण्णांनी 2009 च्या दसऱ्याला ही शंभर सीसीची काळी मोटारसायकल घेतली, तेव्हापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. इतकी वर्षं हात जोडूनही गाडी कधी नीट तपासून पाहिली नव्हती, हे मला 2024 च्या पावसाळ्यात कळलं.

2024 च्या ऑक्टोबरात आरसीची पंधरा वर्षं पुरी होत होती. आपल्याकडे खाजगी दुचाकीला नोंदणी मिळाली की पंधरा वर्षं कुणी तपासणीला बोलवत नाही. टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, लागतो. आपल्या गाडीला लागतो तो थेट पंधराव्या वर्षी, आणि नंतर दर पाच वर्षांनी. नोंदणी पुढे वाढवायचा फॉर्म 25 मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत भरता येतो, दुचाकीची फी तेव्हा हजार रुपये होती. लेक बारावी झाली होती आणि कॉलेजला आजोबांचीच गाडी नेणार म्हणून हटून बसली होती. म्हणून मी ऑगस्टमध्येच कामाला लागलो.

मीटर 91,000 च्या पुढे गेलेला. डोक्यात सगळं इंजिनच होतं. टॅपेट वाजतायत का, क्लच प्लेटा बघाव्यात का, प्लग बदलू का. अण्णांचंही तेच. "आवाज ऐक, आवाज साफ आहे ना? मग काही नाही." महू नाक्याजवळ आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांना आम्ही चाचा म्हणतो. त्यांनी किक मारली, अर्धा मिनिट कान देऊन ऐकलं आणि गाडी बंद केली. मग लाइट चालू करून मला मागे उभं केलं आणि पुढचा ब्रेक दाबला.

"क्या दिखा?"

"लाल दिवा."

"वो तो पहले से जल रहा था."

खरंच की. दिवा लागलेलाच होता, पण ब्रेक दाबल्यावर तो वाढला नव्हता. चाचांनी मागची काच काढली, बल्ब वळवून बाहेर घेतला आणि उजेडाकडे धरून मला दाखवला. आत दोन तारा. रात्री मंद जळते ती शाबूत. ब्रेकला भडकते ती तुटून एका बाजूला लोंबत होती, आणि काच आतून धुरकट काळी झाली होती. पार्किंगमधून गाडी काढताना मागे लाल दिसलं की आपण म्हणतो, दिवा चालू आहे. कितीतरी महिने मी तसंच म्हणत आलो होतो.

नवा बल्ब लावला. पायाच्या ब्रेकने दिवा भडकला, हाताच्या ब्रेकने नाही. लिव्हरखाली एक छोटासा स्विच असतो, तोही गेलेला. दोन वर्षांपूर्वी लिव्हर बदलली होती, तेव्हाच तो बिघडला असावा, असं चाचा म्हणाले. बल्ब आणि स्विच मिळून शंभर रुपयेही झाले नाहीत.

मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. आदल्या वर्षीच्या जुलैत, भर पावसात, महू नाक्याच्या सिग्नलला मी ब्रेक लावला आणि मागून एक रिक्षा येऊन आदळली. लेक मागे बसली होती. तिच्या गुडघ्याला खरचटलं, इतकंच, पण मी त्या रिक्षावाल्याला भर रस्त्यात वाट्टेल ते बोललो होतो. तो सारखा म्हणत होता, "भिया, पता ही नहीं चला आप रुक रहे हो." मला ते बहाणे वाटले. तो माणूस पुन्हा भेटला तर मला त्याची माफी मागायची आहे.

त्या रात्री मावसभावाला फोन केला. तो इंग्लंडात लेस्टरला असतो आणि तिथे मोटारसायकल चालवतो. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी करावीच लागते. 1960 मध्ये ही पद्धत दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सुरू झाली, आणि 1967 पासून तिसऱ्या वर्षीच तपासणी लागू लागली. त्याच्याकडून मला एक गोष्ट नवीन कळली. त्या तपासणीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची हालत बघतच नाहीत. बघतात दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर, चाकांची बेअरिंगं, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चेन. आणि मोटारसायकली सगळ्यात जास्त नापास होतात त्या दिव्यांवर. मी मात्र महिनाभर टॅपेट टॅपेट करत होतो.

इंजिन बिघडलं तर ते स्वतःच सांगतं. आवाज करतं, धूर सोडतं, ओढत नाही. बाकीच्या वस्तू रोज केसाएवढ्या झिजतात आणि आपला हात रोज तेवढाच त्यांना सरावतो. कोनसेटचं, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेल्या बेअरिंगचं, अगदी तसंच झालं होतं. चाचांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचलून धरलं आणि मला म्हणाले, हँडल दोन बोटांनी हळूच फिरवा. मधोमध आल्यावर ते खट्कन बसलं, जणू कप्प्यात गोळी पडावी. सरळ रस्त्यावरच्या खड्ड्यांचे दणके नेमके त्याच जागी बसतात, त्यामुळे बेअरिंगच्या गोळ्या कपात खाच पाडतात. मग सरळ चालताना हँडल त्या खाचेत अडकतं आणि गाडी बारीक डुलत राहते. मला ती डुलत असल्याचं कधी जाणवलंच नाही. कोनसेट बदलल्यावर लेकीने एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, ही गाडी आधी वाकडी चालत होती का?" वीस वर्षांच्या आतल्या पोरीला पहिल्या फेरीत कळलं.

मागच्या ब्रेकबद्दल मात्र सगळ्यांनी सावध राहावं असं मला मनापासून वाटतं. ड्रमच्या बाहेर, ब्रेकच्या दांड्यावर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, संपले. आमचा बाण खुणेच्या बराच अलीकडे थांबत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. चाचांनी चाक खोललं तर लायनर कागदासारखे. ब्रेकचा नट संपेपर्यंत कसून झाल्यावर कुणीतरी दांडा काढून दात्यांवर एक घर मागे बसवला होता. ब्रेक पुन्हा ताठ लागतो, बाणही मागे सरकतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण लायनर बाहेर ढकलणारा आतला कॅम जास्त वळतो, आणि पुरता आडवा झाला की चाक जाम होऊ शकतं. कुठे आणि कधी केलं, हे आता सांगता येणार नाही. लेक याच गाडीने सिमरोलच्या घाटात जायचं म्हणत होती.

चेन-स्प्रॉकेटचा सेट, आरसे आणि हॉर्न किरकोळीत उरकलं. पीयूसी पहिल्या फटक्यात निघालं.

नायता मुंडल्याला आरटीओत गेलो त्या दिवशी ऊन कडक होतं. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप लागते म्हणून मी घरीच हँडलखालची ती जागा रॉकेलच्या फडक्याने घासून काढली होती. पंधरा वर्षांची माती आणि गंज निघाल्यावर आकडे एकेक करून वर आले. अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी जुनी पावती मांडीवर धरून आकडे मोठ्याने वाचले आणि मी ते ताडून घेतले. तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक, टायर बघून झालं आणि गाडी पास झाली. नवी मुदत ऑक्टोबर 2029.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आदल्या संध्याकाळीच गाडी अंगणात शेजारच्या पांढऱ्या भिंतीला पाठ करून उभी केली. लेकीने आधी हाताचा ब्रेक दाबला, मग पायाचा. दोन्ही वेळा भिंत लाल झाली. आता दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हे आम्ही करतो. डबल स्टँडवर हँडल फिरवायचं, पुढचा फोर्क मागेपुढे ओढून बघायचा, मागचं चाक आडवं हलवायचं, बाण बघायचा. वीस मिनिटं लागतात. अण्णा टॉर्च धरतात.

यंदा मागच्या टायरपाशी थांबलो. कायद्याने दुचाकीच्या टायरला जेवढी नक्षी हवी, तेवढी आहे. पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे 2318, म्हणजे 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर, आणि उन्हाने त्याच्या कडेला बारीक भेगा पडल्या आहेत. अण्णा म्हणतात अजून एक उन्हाळा काढेल. मी लेकीला सांगून ठेवलं आहे, संक्रांतीच्या आधी बदलायचं, आणि तोवर घाटात न्यायची नाही.