दुसरी क्वेरी

लॉगमधली ती ओळ मला तोंडपाठ झाली होती. सर्व्हर प्रोसेस सिग्नल ११ ने बंद पडली, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला. तिच्या खालोखाल दुसरी: बाकीच्या सगळ्या चालू प्रोसेस थांबवत आहोत. पोस्टग्रेस या डेटाबेसचं हे वागणं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस मिळते, पण शेअर्ड मेमरी सगळ्यांची मिळून एकच. एखादी प्रोसेस अशी मध्येच कोसळली, की जाता जाता तिने त्या सामाईक मेमरीत काय बिघडवून ठेवलंय याचा भरवसा राहत नाही. म्हणून पोस्टमास्टर नावाची मुख्य प्रोसेस सगळ्यांनाच बाहेर काढते, मेमरी नव्याने मांडते, राइट-अहेड लॉग (प्रत्येक बदलाची आधीच करून ठेवलेली नोंद) वाचून डेटा सावरते आणि मगच पुन्हा दार उघडते. डेटा सुखरूप राहतो. पण चूक एकीची आणि कनेक्शन तुटतं सगळ्यांचं.

आमच्याकडे हे आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला लागलं होतं. सगळ्यांचा संशय कनेक्शन पूलरवर, म्हणजे उघडलेली कनेक्शन्स बंद न करता पुन्हा पुन्हा वापरायला देणाऱ्या प्रोग्रॅमवर होता, कारण तो बसवल्यानंतरच हा त्रास सुरू झाला होता. माझाही तोच होता. त्या सर्व्हरवर सी भाषेत लिहिलेलं आमचं एक छोटं एक्स्टेंशन, म्हणजे पोस्टग्रेसला दिलेली जोड, चालायचं. ते मी लिहिलं होतं, दोन वर्षं ते बिनतक्रार चाललं होतं, त्यामुळे तिकडे पाहायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सर म्हणाले, “अंदाज पुष्कळ झाले. प्रोसेस नेमकी कुठल्या ओळीवर मरते, तेवढं सांगा.”

ते सांगायचं तर डीबगर, म्हणजे चालती प्रोसेस थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन, लावायला हवा. चाचणीचा सर्व्हर सगळ्यांच्या वापरातला, तिथे प्रोसेस तासन्‌तास गोठवून ठेवणं शक्य नव्हतं. शिवाय पॅकेजमधून येणारी तयार बायनरी वेगासाठी घासूनपुसून बनवलेली असते. तिच्यावर डीबगर लावला की निम्म्या व्हेरिएबल्सच्या जागी ‘ऑप्टिमाइझ होऊन गेलं’ एवढंच दिसतं. मी ठरवलं, माझ्या मॅकवर पोस्टग्रेस सोर्सपासून कंपाइल करायचं, तेही सगळे अंतर्गत पहारे चालू ठेवून. टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा म्हणाला, “ताई, मीही बसू का?” मी खुर्ची सरकवली.

सुरुवात प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या कामाच्या, सर्व्हरवरून केली. पीजी-कॉन्फिग नावाची एक छोटी कमांड आहे. तिला विचारलं तर ती बायनरी कुठले पर्याय देऊन बांधली होती, ती अख्खी यादी मिळते. हे फार जणांना माहीत नसतं आणि मग लोक आपल्या मनाने पर्याय लावत बसतात. यादी घेतली, आवृत्ती १६ चा तंतोतंत तोच मायनर क्रमांक असलेला सोर्स उतरवला, फाइल जशीच्या तशी उतरली ना, म्हणून तिचा शा-२५६ चेकसम जुळवून पाहिला. मग त्या यादीत माझ्या तीन गोष्टी घातल्या: डीबगची माहिती हवी, असर्शन (तेच अंतर्गत पहारे) चालू हवेत, ऑप्टिमायझेशन शून्य. आणि इन्स्टॉलची जागा माझ्या होम फोल्डरमधलाच एक नवा फोल्डर, म्हणजे सूडोही (अ‍ॅडमिनचे अधिकारही) नको आणि मशीनवर आधीपासून असलेल्या पोस्टग्रेसला धक्काही नको.

कॉन्फिगर, म्हणजे बांधणीआधीची तपासणी, पहिल्याच झटक्यात अडलं. आयसीयू लायब्ररी (वेगवेगळ्या भाषांतल्या अक्षरांचा क्रम लावणारी) सापडत नाही, नको असेल तर ‘विदाउट-आयसीयू’ म्हणा. १६ पासून आयसीयू आपोआप धरली जाते, नको असेल तर तसं सांगावं लागतं. आता ती मशीनवर होती, होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरने बसवलेली होती. पण मॅकची स्वतःची आयसीयू वेगळी असल्यामुळे होमब्रू आपली प्रत नेहमीच्या जागी जोडत नाही, बाजूला ठेवते. तिचा पत्ता आपणच द्यावा लागतो.

“विदाउट लावून पुढे जाऊ या का?” मुलाने विचारलं. “क्रॅशचा आणि अक्षरांच्या क्रमाचा काय संबंध?”

नसेलही. पण ज्या सर्व्हरची चूक शोधायची, त्यात आणि माझ्या समोरच्या सर्व्हरमध्ये मी माझ्या हाताने फरक घालणार नाही, हे मी त्याला सांगितलं. असा एक-एक फरक सोयीसाठी सोडत गेलो, की संध्याकाळी क्रॅश होत नाही आणि का होत नाही हेही कळत नाही. पत्ता दिला, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचाही दिला, कॉन्फिगर शेवटपर्यंत गेलं. सोर्स कंपाइल करवून घेणारं मेक आठ जॉब लावून सोडलं आणि ते एकही एरर न देता संपलं. सी कंपायलरच्या त्या सरसर वर जाणाऱ्या ओळी पाहायला मला अजूनही आवडतं. एरवी ज्यांची फक्त नावं कानावर असतात ते प्लॅनर, एक्झिक्युटर, बफर मॅनेजर एकेक फाइल होऊन डोळ्यांसमोरून जातात.

मग मेक चेक. दोनशेहून अधिक चाचण्या चालतात त्यात. इथे दिवसाचे दोन तास गेले.

एकही चाचणी सुरू झाली नाही. नवा डेटाबेस मांडणारा इनिटडीबी उठायच्या आतच कोसळत होता आणि लोडर (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणारा) सांगत होता, लायब्ररी लोड झाली नाही, लिबपीक्यू, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलायची लायब्ररी. ती फाइल तर समोर दिसत होती! मेक चेक सगळा सर्व्हर एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मांडतं, तिथे लिबपीक्यू व्यवस्थित होती. ओटूल या मॅकवरच्या साधनाने बायनरी उघडून पाहिली तेव्हा अर्धं कोडं सुटलं. मॅकवर बायनरीच्या पोटात लायब्ररीचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. आणि तो पत्ता होता इन्स्टॉल झाल्यानंतरच्या जागेचा, जिथे अजून काहीच नव्हतं. अशा वेळी डीवायएलडी-लायब्ररी-पाथ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलने लोडरला दुसरी जागा दाखवता येते. चाचण्यांची मेकफाइल (मेकला काय करायचं ते सांगणारी फाइल) ते व्हेरिएबल लावत होती. मी स्वतः वाचून खात्री केली. तरी लोडर तिकडे बघत नव्हता.

मी मेकफाइलमध्ये ठिकठिकाणी छापून पाहिलं, पत्ता हाताने दिला, सगळं पुसून पुन्हा बांधलं. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, ते व्हेरिएबल पोचतं तरी का तिथपर्यंत?”

साधा प्रयोग केला. टर्मिनलमध्ये ते व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलं. छापून पाहिलं, नीट दिसलं. मग शेलमधूनच आणखी एक एसएच (सिस्टिमचा साधा शेल) सुरू करून त्याला तेच छापायला सांगितलं. कोरी ओळ आली. नाव बदलून, काहीतरी भलतंच नाव घेऊन तेच केलं, तर मूल्य सरळ पलीकडे पोचलं. पुन्हा डीवायएलडी, पुन्हा कोरी ओळ. आम्ही दोघं त्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिलो.

हे सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन. २०१५ च्या एल कॅपिटनपासून मॅकवर आहे. सिस्टिमच्या संरक्षित फोल्डरमधला कुठलाही प्रोग्रॅम सुरू होताना डीवायएलडीने सुरू होणारी सगळी व्हेरिएबल्स काढून टाकली जातात, म्हणजे सिस्टिमच्या प्रोग्रॅमच्या गळ्यात कुणी आपली लायब्ररी बांधू नये. नियम योग्यच आहे. पण मेक प्रत्येक काम एसएचकडून करून घेतं आणि एसएच संरक्षित. मेकफाइलने दिलेली चिठ्ठी त्या दारातच काढून घेतली जात होती.

मुलाने पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमधलं प्लॅटफॉर्मनिहाय टिपांचं पान उघडलं. मॅकओएसच्या खाली सगळं लिहिलेलं होतं, उपायासकट: आधी मेक इन्स्टॉल करा, मग मेक चेक. बस. बायनरीत कोरलेल्या पत्त्यावर लायब्ररी एकदा हजर झाली, की व्हेरिएबलची गरजच उरत नाही. केलं. चाचण्या एकामागून एक ‘ओके’ म्हणत गेल्या. त्या पानाचं मला फार कौतुक वाटतं. जिथे जिथे कुणी अडकलं, तिथे त्यांनी पुढच्या माणसासाठी दोन ओळी लिहून ठेवल्यात. ते पान आता मी आधी वाचते.

एक्स्टेंशन बांधतानाही एक वळण चुकलं होतं. बांधताना पाथवर (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जो पीजी-कॉन्फिग आधी सापडतो त्याच्या हिशेबाने ते बांधलं जातं, आणि माझ्या मशीनवर आधी सापडला तो जुन्या १५ चा. सर्व्हरने ते घ्यायला साफ नकार दिला: सर्व्हर १६, लायब्ररी १५. नवा पत्ता देऊन पुन्हा बांधलं. ५४३२ हा पोर्ट आधीच्या सर्व्हरकडे होता, म्हणून हा ५४३३ वर उठवला.

तोवर दुपार टळली होती. क्वेरी द्यायचं पीएसक्यूएल उघडलं, एक्स्टेंशनमधलं आमचं फंक्शन वापरणारी क्वेरी दिली. बरोबर उत्तर आलं. बाण वर करून तीच क्वेरी पुन्हा दिली.

कनेक्शन तुटलं.

प्रॉडक्शनमध्ये जे दोन-तीन दिवसांतून एकदा व्हायचं, ते इथे दुसऱ्याच क्वेरीला झालं. पुन्हा केलं. पहिली क्वेरी ठीक, दुसरीला क्रॅश. आणि माझ्या मॅकवर पूलर नव्हताच.

नवं सेशन उघडलं, बॅकएंडचा, म्हणजे त्या कनेक्शनच्या प्रोसेसचा, क्रमांक विचारला, दुसऱ्या टर्मिनलमधून एलएलडीबी हा डीबगर तिला जोडला. पहिली क्वेरी जाऊ दिली. दुसरी दिली आणि एलएलडीबी थांबला तो माझ्या फाइलमध्ये, माझ्या फंक्शनमध्ये. आमच्या नियमांचा तक्ता पहिल्या वेळी टेबलमधून वाचून मी एका स्टॅटिक पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता लक्षात ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) धरून ठेवत असे, पुन्हा पुन्हा वाचायला नको म्हणून. तो तक्ता छापला. नियमांची संख्या ४३ असायला हवी होती. स्क्रीनवर होतं २१३९०६२१४३.

“एवढे नियम?” मुलगा म्हणाला.

मी तोच आकडा हेक्साडेसिमलमध्ये छापला. ७एफ७एफ७एफ७एफ. खालची फील्ड्सही तशीच, पॉइंटरही तसाच, टोकापासून टोकापर्यंत ७एफ. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण याचा अर्थ मला माहीत होता. असर्शन चालू ठेवून बांधलेलं पोस्टग्रेस मोकळी केलेली प्रत्येक मेमरी ७एफने भरून टाकतं. मुद्दाम. मोकळ्या केलेल्या जागेत कुणी नंतर डोकावलं, तर त्याला जुना डेटा मिळू नये, हे भूत दिसावं.

पोस्टग्रेसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्टमधून, म्हणजे मेमरीच्या वेगवेगळ्या कप्प्यांतून, घ्यायची असते. प्रत्येक कॉन्टेक्स्टचं आयुष्य ठरलेलं: कुणाचं एका ओळीपुरतं, कुणाचं क्वेरीपुरतं, कुणाचं सेशन संपेपर्यंत. कॉन्टेक्स्ट गेला की त्यातलं सगळं एकदम जातं. सुंदर पद्धत आहे, सोर्समधल्या एमएमजीआर फोल्डरातलं रीडमी वाचून मीच ती शिकले होते. आणि तरी मी तो तक्ता क्वेरीइतकंच जगणाऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये घेतला होता आणि त्याचा पत्ता मात्र सेशनभर टिकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. पहिली क्वेरी संपली, तक्ता गेला, पत्ता राहिला.

मग दोन वर्षं हे चाललं कसं? पूलर येण्याआधी आमचं ॲप्लिकेशन प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन उघडायचं, एक क्वेरी चालवायचं आणि बंद करायचं. दुसरी क्वेरी त्या सेशनच्या वाट्याला यायचीच नाही. पूलर आला आणि एकेक बॅकएंड दिवसभर जगू लागली, शेकडो क्वेऱ्या झेलू लागली. प्रॉडक्शनच्या बायनरीत मोकळी केलेली मेमरी कुणी पुसत नाही. जुना तक्ता तिथे तसाच पडून असायचा, आणि त्या जागेवर दुसऱ्या कुणी काही लिहीपर्यंत माझं फंक्शन तो वाचून बरोबर उत्तरंसुद्धा द्यायचं. लिहिलं गेलं की क्रॅश. ‘बरोबर उत्तरंसुद्धा’ हे शब्द मनात आले तेव्हा मी थांबले. मेमरी अर्धीच बदललेली असताना क्रॅश न होता चुकीची उत्तरं गेली असली तर? त्या काळातले निकाल नव्याने काढून जुन्यांशी ताडून पाहायचं काम मी तिथेच लिहून घेतलं. क्रॅशपेक्षा मला ते जास्त लागलं होतं.

सरांना सांगायला गेले. “ओळ सापडली. पूलरचा दोष नाही, एक्स्टेंशनचा आहे. माझा आहे.” त्यांनी स्क्रीनवरचे ७एफ बराच वेळ पाहिले. म्हणाले, “दुरुस्तीला किती वेळ?”

दुरुस्ती दोन ओळींची. तक्ता घेण्याआधी सेशनभर जगणाऱ्या टॉप मेमरी कॉन्टेक्स्टमध्ये जायचं, घेऊन झाला की परत यायचं. पण लिहिताना आणखी एक गोष्ट समोर आली. तक्ता आता खरोखरच सेशनभर जगणार, आणि पूलरमुळे सेशन दिवसभर. मधे कुणी नियम बदलला तर? पूर्वी कनेक्शन नवं म्हणून तक्ताही ताजा असायचा. म्हणजे नियमांच्या टेबलात बदल झाला की तक्ता टाकून नव्याने वाचण्याची सोय करायला हवी. त्यासाठी पोस्टग्रेसमधले इन्व्हॅलिडेशनचे कॉलबॅक (धरून ठेवलेलं आता शिळं झालं, असं कळवणारी सोय) वापरता येतात, त्यात तो आठवडा गेला.

त्या संध्याकाळी दोन ओळींचा बदल बांधला, सर्व्हर पुन्हा उठवला. मुलाला म्हटलं, क्वेरी तू दे. त्याने पहिली दिली. दुसरी देताना बोट एंटरवर क्षणभर थांबलं. उत्तर आलं. तिसरं, चौथं, दहावं. एलएलडीबीत तक्ता छापला: ४३.

“ताई, हा फोल्डर पुसू नका हं,” तो म्हणाला, आणि आपल्या लॅपटॉपवर त्याच आवृत्तीचा सोर्स उतरवायला लावला. निघताना त्याच्या टेबलाशी डोकावले तर कॉन्फिगर आयसीयूपाशी अडलं होतं आणि तो तिचा पत्ता शोधत होता.