पोटरीचं गणित

आपली पोटरी आपल्यालाच कधी नीट दिसत नाही. चेहरा दिवसातून दहादा आरशात बघतो, हाताची बोटं तर कायम समोरच. पोटरी मात्र जन्मभर आपल्या मागे. तिची आठवण होते ती रात्री गोळा आला की, नाहीतर गुडघ्यापर्यंतचे मोजे विणायला घेतले की.

घोट्यापर्यंतचा मोजा सरळसोट विणला तरी खपून जातो. गुडघ्यापर्यंतचा खपत नाही, घसरतो. घसरला की तो सैल झाला असं समजून लोक वरची किनार आवळतात, तिच्यात इलॅस्टिक ओवतात आणि संध्याकाळी पायावरचे लाल वळ चोळत बसतात. पण पोटरीच्या उतारावर बसलेली घट्ट किनार उलट जास्तच जोमाने खाली येते. ताणलेल्या विणीला आक्रसायचं असतं आणि तिथे आक्रसायला वाव असतो तो घोट्याच्या दिशेने. गुडघ्याच्या लगेच खाली पाय पुन्हा जरासा बारीक होतो. किनार बसवायची ती तिथे. मग खाली यायला तिला पोटरीचा फुगवटा ओलांडावा लागतो आणि सहसा ते तिला जमत नाही. थोडक्यात, मोजा तोलून धरते ती पोटरीच.

म्हणून मापं घ्यायची ती उभं राहून, कारण पाय लोंबकळत ठेवून बसलं की स्नायू सैल पडतो. गुडघ्याखाली एक, सगळ्यात जाड जागी एक, घोट्याच्या वर एक, शिवाय मधली अंतरं. समजा, ही मापं 33, 36 आणि 22 सेंटिमीटर आली आणि 10 सेंटिमीटरमध्ये 30 टाके बसताहेत. मोजा पायापेक्षा साधारण दहा टक्के लहानच विणायचा, म्हणजे तो अंगाला धरतो. तेव्हा वर 90 टाके घालायचे, पोटरीवर 96 करायचे आणि घोट्यापाशी 60 वर यायचं. 36 टाके घटवायचे, एका फेरीत दोन, म्हणजे अशा 18 फेऱ्या. त्या सारख्या अंतरावर वाटून टाकायचा मोह होतो, पण मग मोजा फनेलसारखा दिसतो. पोटरी आधी रेंगाळते, मग झरकन उतरते आणि घोट्याजवळ पुन्हा मंदावते. घटीच्या फेऱ्याही तशाच लागतात: आधी विरळ, मध्ये दाट, शेवटी पुन्हा विरळ.

नडगी जवळजवळ सरळ असते, म्हणून घट घ्यायची ती मागे. मधोमध एक उलट टाका वरपासून खालपर्यंत चालवायचा आणि त्याच्या दोन्ही अंगांना टाके कमी करत जायचं. दोन टाके एकत्र सुलट विणले की ते उजवीकडे कलतात. डावीकडे कलवायचे तर दोन्ही टाके एकेक करून, सुलट विणताना घेतो तसे, उजव्या सुईवर घ्यायचे आणि मागच्या बाजूने एकत्र विणायचे. दोन्ही कल जागच्या जागी पडले की मागे एक निमुळती नक्षी आपोआप उमटते. मला तर मोज्याचा सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो आणि घालणाऱ्याला नेमका तोच दिसत नाही.

मागची ती रेघ जुनी आहे. विणलेले मोजे रुळायच्या आधी युरोपात कापड तिरकं कापून पायाचे मोजे शिवत आणि शिवण मागे येई. विल्यम लीने 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं. त्यावरही मोजा सपाट विणून, कडेला टाके घटवून, मागेच शिवला जाई. पुढे गोल विणणारी यंत्रं आली, शिवण गेली आणि आकार सांभाळायचं काम लवचिक धाग्यावर पडलं.

दोन सुलट, दोन उलट अशी वीण वरपासून खालपर्यंत घातली तर एवढा हिशेब लागत नाही, असं काहीजण म्हणतात. बारीक पोटरीला ते लागूही पडतं. भरदार पोटरीवर मात्र ती वीण ताणून सपाट होते आणि घोट्यापाशी गोळा होते. आतल्या अंगाचा स्नायू बाहेरच्यापेक्षा खाली उतरलेला असतो, चवड्यांवर उभं राहून बघा. तेवढा तिरकेपणा मी विणीच्या ताणावर सोडून देते; डावा-उजवा वेगळा विणण्याइतकी हौस मला नाही.

अडचण येते ती दुसऱ्यासाठी विणताना. डोक्याचं माप कोणीही सहज देतं, पण ‘जरा उभी राहा, पोटरी मोजायची आहे’ म्हटलं की समोरची व्यक्ती संशयाने बघते आणि भेटीचं गुपितही तिथेच फुटतं. ते टाळायचं असेल तर सरळ मफलर विणावा.