आमची वाटचाल: पोकळ भिंत आणि पश्चिमेचं ऊन

२०१३ च्या मे महिन्यात आम्ही नागपुरात घरं डिझाइन करायचं ऑफिस उघडलं. ऑफिस म्हणजे एक ड्रॉइंग टेबल, एक लोखंडी कपाट, बस. २३ मेला पारा ४७.९ वर गेला होता, नागपूरकरांना तो दिवस आठवत असेलच. त्याच आठवड्यात पहिलं गिऱ्हाईक आलं, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई. बसल्या बसल्या म्हणाल्या, "सर, मला एसी सोसत नाही आणि लाईट गेली की कूलर पण बंद. दुपारी चारला मला माझ्या स्वयंपाकघरात उभं राहता आलं पाहिजे, बाकी घर कसं दिसतं ते तुम्ही बघा." इतकं स्पष्ट ब्रीफ मला नंतर कुणी दिलं नाही.

ते घर उभं केलं आमच्या मिस्त्रीमामांनी. कागदावर ते पार्टनर नव्हते, पण खरे पार्टनर तेच. आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा रचायची एक पद्धत, मी त्यांना आधी कागदावर दाखवला, मग अंगणात सुक्या विटा मांडून दाखवला. विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या, मधे पोकळी, भिंत नऊ इंचीच राहते पण विटा जवळपास चौथ्या हिश्श्याने वाचतात आणि त्या पोकळीतली हवा ऊन आत येऊ देत नाही. मामा बराच वेळ बघत बसले, मग ओळंबा सोडला आणि पहिला थर लावला. त्यांच्या ओळंब्याचा पितळी लोळा झिजून गुळगुळीत झालेला, सासऱ्यांकडून मिळालेला, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. लेझर लेव्हल आम्ही नंतर घेतली, तरी कोपरा लावताना मामांची दोरी आधी लागायची.

बाईंच्या घरात पश्चिमेला जिना, बाथरूम आणि कोठीची खोली टाकली, म्हणजे संध्याकाळचं ऊन त्यांनी खायचं, माणसांनी नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोज़ेक.

पुढची तीन वर्षं बरी गेली. मग आलं २०१६.

एका संस्थेच्या वसतिगृहाचं काम मिळालं होतं, आमच्यासाठी फार मोठं. लिंटेलपर्यंत, म्हणजे दाराखिडक्यांच्या वरच्या तुळईपर्यंत, काम आलं आणि दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरने (नाव घेत नाही, इच्छाही नाही) ट्रस्टींना साइटवर नेऊन भिंतीवर हातोडीचा दांडा वाजवून दाखवला, "ऐका, पोकळ वाजतंय, पोरांच्या अंगावर येईल एक दिवस." पोकळ वाजणारच ना, ती पोकळच बांधली आहे! मी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट दिला, कोपऱ्यात आणि दाराखिडक्यांच्या कडांना पोकळीत सळई आणि काँक्रीट भरलंय ते फोडून दाखवायची तयारी दाखवली, कुणी ऐकून घेतलं नाही. काम काढून घेतलं, बिल अडवलं आणि काम गेलं त्याच माणसाकडे. त्याने पश्चिमेला अख्खी काच लावली, कारण दिसायला भारी. विदर्भात, पश्चिमेला, काच. आजही ते आठवलं की माझी झोप जाते.

त्या वर्षी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मामांनी चार महिने मजुरी घेतली नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "भित आपन बरोबर लावली हाये, मंग कायले भेता?"

बाहेर काढलं ते बाईंनी. पुढच्या वर्षी नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला तसं त्यांनी कॉलनीतल्या चौदा-पंधरा जणांना भर दुपारी घरी बोलावलं, कैरीचं पन्हं दिलं, पंखा बंद केला आणि एकेकाचा हात पश्चिमेच्या भिंतीवर ठेवायला लावला. माझ्याकडे लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन होती. शेजारच्या उघड्या स्लॅबवर ६३ आलं, बाईंच्या मोज़ेकवर ४५. खाली येऊन छताला लावली तर ३६. एक निवृत्त पोस्टमास्तर गन माझ्या हातातून घेऊन स्वतः चार वेळा बघत होते. त्या आठवड्यात तीन कामं मिळाली, पाटल्या दिवाळीआधी सोडवल्या.

आता विषय निघालाच आहे तर घर बांधणाऱ्यांना सांगतो. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, म्हणून सगळ्यात जास्त मार छताला बसतो, आधी पैसा तिथे घाला. दक्षिणेला दोन फुटी छज्जा चालतो. पश्चिमेला मात्र छज्ज्याचा उपयोग नाही, ऊन खालून तिरपं येतं, तिथे उभी जाळी लावा नाहीतर कडुनिंब लावा. मोज़ेक परवडत नसेल तर चुन्यात थोडं फेविकॉल घालून ऊन उतरल्यावर गच्ची ओली करून दोन हात मारा, पावसात धुऊन जातं, दरवर्षी मारावं लागतं, पण पुष्कळ फरक पडतो. आणि कूलर लावून खिडक्या बंद करू नका हो! ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर तासाभरात अंग चिकट होतं आणि दोष कूलरला देता. कूलर नसेल तर उलटं, दिवसा सगळं बंद आणि रात्री दहानंतर सगळं उघडं.

मामा आता साइटवर येत नाहीत, गुडघे गेले. ओळंबा त्यांनी मुलाला दिला, मुलगा आमच्याकडेच आहे. बाई दर एप्रिलमध्ये फोन करतात, गच्चीचे सांधे बघून जा म्हणून, आणि मी स्वतः जातो, पोरांना पाठवत नाही.

यंदा मेमध्ये त्या संस्थेतून फोन आला. पश्चिमेच्या खोल्यांमध्ये पोरं दुपारी थांबत नाहीत, बाहेरून जाळी लावून द्याल का. मी म्हटलं देतो, पोरांचा काय दोष, पण आधी २०१६ चं बिल. विचारून सांगतो म्हणाले. दोन महिने झाले, फोन नाही. जाळीचं ड्रॉइंग मात्र मी त्याच रात्री काढून ठेवलंय.