तुम्ही विचारलंत म्हणून : ‘सोमवारपर्यंत’ला ‘बाय’ लावायचं की ‘टिल’?

हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांतली मंडळी मला हा प्रश्न हमखास विचारतात, आणि त्यात इंग्रजी माध्यमातून शिकलेलेही कमी नसतात. ‘सोमवारपर्यंत पाठवतो’ हे मेलमध्ये कसं लिहायचं? बरेच जण ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे’ असं लिहून मोकळे होतात. लंडनला बसलेल्या माणसाला त्याचा अर्थ असा लागतो, की हे गृहस्थ सोमवार उजाडेस्तोवर तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाठवत बसणार आहेत.

इथे घोळ घालतो तो ‘पर्यंत’. तो फक्त हद्द दाखवतो. काम त्या हद्दीला टेकेपर्यंत चालूच राहतं, की हद्दीच्या अलीकडे कधीतरी एकदाच उरकतं, हे मराठीत क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत मात्र ही निवड त्या छोट्या शब्दातच करावी लागते. सलग चालतं त्याला ‘टिल’ किंवा ‘अनटिल’, एकदाच घडतं त्याला ‘बाय’.

पुणेकराला दुपारच्या दुकानाचं उदाहरण पुरे. ‘दुकान चारपर्यंत बंद असतं’ म्हणजे ‘क्लोज्ड टिल फोर’, चारनंतर जा. ‘दुकान चारपर्यंत बंद होतं’ म्हणजे ‘क्लोजेस बाय फोर’, चारच्या आत जा. ‘असतं’ आणि ‘होतं’ एवढाच फरक, पण चुकलात तर हेलपाटा.

म्हणून माझं सांगणं असं, की ‘पर्यंत’कडे बघूच नका, क्रियापद बघा. त्यातही मराठीची संयुक्त क्रियापदं फार उपयोगी पडतात. ‘संध्याकाळपर्यंत फाइल वाचतो’ या वाक्यातून काहीच ठरत नाही. ‘वाचत बसतो’ म्हटलं की ‘टिल’, ‘वाचून काढतो’ म्हटलं की ‘बाय’. ‘-त बसणे’, ‘-त राहणे’ एका बाजूला. ‘-ऊन टाकणे’, ‘-ऊन काढणे’, ‘-ऊन ठेवणे’ दुसऱ्या बाजूला. मनातलं वाक्य या दोनपैकी एका साच्यात बसवून बघा, इंग्रजी शब्द आपोआप हाती येतो. दुसरी परीक्षा ‘च्या आत’ची. ‘सोमवारच्या आत पाठवतो’ चालतं, तिथे ‘बाय’. ‘सोमवारच्या आत थांबतो’ कुणी म्हणत नाही, तिथे ‘टिल’. एवढंच लक्षात ठेवा, की ‘च्या आत’ म्हटल्यावर खुद्द सोमवार धरायचा की नाही अशी शंका राहते. ‘बाय मंडे’मध्ये तो एरवी धरतात.

खरी पंचाईत नकारात आहे. ‘रिपोर्ट सोमवारपर्यंत तयार होणार नाही.’ हे मराठीतही निसरडंच वाक्य. ‘वोन्ट बी रेडी टिल मंडे’ म्हणजे सोमवारी मिळेल, त्याआधी मागू नका. ‘वोन्ट बी रेडी बाय मंडे’ म्हणजे सोमवारीसुद्धा मिळणार नाही, आणि कधी मिळेल ते अजून सांगितलेलंच नाही. ‘तयार होणं’ एकदाच घडतं, मग पहिल्या वाक्यात ‘टिल’ कसा? कारण ‘तयार नसणं’ सलग चालतं, सोमवारपर्यंत. क्लायंटला असं काही कळवायचं असेल तर दोन्ही शब्द टाळून ‘रेडी ऑन मंडे’ लिहा. शैली गेली खड्ड्यात, तारीख कळली पाहिजे.

मराठी माणसाची ठरलेली आणखी एक चूक ‘जोपर्यंत’मधून येते. ‘जोपर्यंत पैसे येत नाहीत तोपर्यंत माल सोडणार नाही’ असं आपण दोन नकार घालून म्हणतो आणि तसंच उचलून ‘अनटिल द पेमेंट डझन्ट कम’ लिहितो. ‘अनटिल’च्या पोटात तो नकार आधीच आहे, म्हणून पुढे होकारार्थी वाक्य हवं: ‘अनटिल द पेमेंट कम्स’. आणि ‘जोपर्यंत’पुढे मराठीतच होकार असेल, ‘जोपर्यंत मी इथे आहे तोपर्यंत’, तर तिथे ‘अनटिल’ चालतच नाही. ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज’ लागतं.

‘येईपर्यंत’चंही असंच. ‘मी येईपर्यंत थांब’ला ‘अनटिल आय कम’. ‘मी येईपर्यंत कुकर लावून ठेव’ला नुसता ‘बाय’ पुरत नाही, ‘बाय द टाइम आय कम’ म्हणावं लागतं, कारण ‘बाय’पुढे वेळ किंवा तारीख येते, अख्खं वाक्य येत नाही. ‘येई’ दिसतं ‘येईल’सारखं, म्हणून हात ‘विल’कडे जातो. दोन्हीकडे तो घालायचा नाही.

रजेच्या मेलमध्ये ‘ऑन लीव्ह टिल १५’ लिहिलं तर १५ तारखेला तुम्ही खुर्चीत असणार की नाही? वाचणारे दोन्ही अर्थ लावतात. अमेरिकेत १५ धरायची असेल तर ‘थ्रू’ वापरतात. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत हा घोळ मिटवलेला आहे: १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ प्रमाणे पहिला दिवस वगळायला ‘फ्रॉम’ आणि शेवटचा धरायला ‘टू’ पुरतो. ऑफिसात एवढं कोण बघतो? ‘बॅक ऑन १६’ लिहा. ‘बाय’ लिहाल तेव्हा तासही लिहा, परदेशी मेल असेल तर कुठल्या घड्याळाचा तेही.

आता किरकोळ. ‘तिकीट टिल स्वारगेट’ नको. ‘पर्यंत’ जागेचा असला की ‘टू’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’. ‘टिल डेट’ आपल्याकडेच चालतं, बाहेर ‘टू डेट’ म्हणतात. आणि ‘टिल’ हे ‘अनटिल’चं तोकडं रूप नव्हे, दोघांत तेच जुनं, ‘अन’ मागाहून जोडलेलं. म्हणून वर अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्यायचं कारण नाही. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल, ‘अनटिल’ला एक.